हाकेला ओ : नव्या पिल्लाला आज्ञापालन शिकवताना

आठ-नऊ आठवड्यांचे पिल्लू घरी येते त्या संध्याकाळी घरातली सगळी माणसे एकाच वेळी त्याच्याशी बोलू लागतात. आजी ‘बस रे बाळा’ म्हणते, शाळेत जाणारी नात ‘सिट’ म्हणते, कोणी तरी ठसक्यात ‘बैठ’ म्हणून पाहते, आणि पिल्लू या सगळ्यांकडे मान वाकडी करून बघत सतरंजीच्या मधोमध शू करून मोकळे होते. पुढे चार-सहा महिन्यांनी याच घरातून ‘आमचा कुत्रा अजिबात ऐकत नाही’ अशी तक्रार येते. या तक्रारीत पिल्लाचा वाटा थोडा आणि घराचा फार मोठा असतो, असे माझे स्वतःच्या चुकांवरून झालेले मत आहे. आपण शिकवायला बसलो नाही तरी पिल्लू पहिल्या दिवसापासून शिकतच असते. भुंकले की दार उघडते, अंगावर उडी मारली की कोणी तरी उचलून घेते, ताटाजवळ केविलवाणे तोंड करून बसले की पोळीचा तुकडा मिळतो, हे धडे त्याला कोणी मुद्दाम दिलेले नसतात. तरीही ते त्याला मुखोद्गत होतात. आज्ञापालनाचे शिक्षण म्हणजे या आपोआप चाललेल्या शाळेचा अभ्यासक्रम आपल्या हाती घेणे, एवढेच आहे.

‘आज्ञापालन’ हा शब्द ऐकला की पोलिसांच्या श्वानपथकातला, हुकमासरशी खाली पडणारा जर्मन शेफर्ड डोळ्यांपुढे येतो. घरच्या पिल्लाकडून तेवढी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. हाक मारल्यावर येणे, सांगितल्यावर थांबणे, तोंडात धरलेली वस्तू सोडणे, पट्ट्याला ओढ न देता शेजारून चालणे आणि पाहुणे आले असता एका जागी शांत राहणे, इतके जमले तर बंगल्यातले काय किंवा दोन खोल्यांच्या सदनिकेतले काय, कुत्रे सुखाने नांदते. ‘हात मिळव’ वगैरे करामती मुले चार दिवसांत शिकवतात. त्यांची चिंता करू नये.

या पाच गोष्टींची गरज सोसायटीत राहणाऱ्याला अधिक भासते. लिफ्टचे दार उघडले आणि समोर कुत्र्याला घाबरणारे लहान मूल उभे असले, तर पुढच्या दोन सेकंदांत पिल्लू काय करते यावर शेजाऱ्यांशी असलेले पुढच्या दहा वर्षांचे संबंध ठरतात. कायद्याची बाजूही आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या बाजूने, ऐकत नाही म्हणून कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवण्याचा जो सोपा उपाय घरोघर केला जातो, तो १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात बसत नाही. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तोही त्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अपराध ठरतो. न शिकवलेल्या कुत्र्याच्या मालकापुढे म्हणजे दोन्हीकडून अडचण उभी राहते.

पहिले काही आठवडे

शिक्षण सहा महिन्यांनंतर सुरू करावे, हा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. जुन्या पद्धतीत गळपट्ट्याला हिसके देऊन शिकवले जाई आणि ते हिसके सोसण्याइतके पिल्लू मोठे व्हावे लागे, हे या समजामागचे कारण असावे. प्रत्यक्षात पिल्लाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा काळ फार लवकर संपतो. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत पिल्लाचे मन नव्या माणसांना, आवाजांना आणि प्राण्यांना सर्वांत सहजपणे स्वीकारते, हे दाखवून दिले. त्यानंतर अनोळखी गोष्टीविषयीची धास्ती हळूहळू वरचढ होऊ लागते. या काळात ज्या पिल्लाने काठी टेकत चालणारे आजोबा पाहिले नाहीत, त्याला वर्षभरानंतर तेच आजोबा संशयास्पद वाटतात.

अडचण अशी की नेमके याच काळात लसीकरण पूर्ण झालेले नसते. डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरील लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचे असताना देतात, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. पार्व्होचा विषाणू जमिनीत दीर्घकाळ तग धरतो आणि लहान पिल्लांचा जीव घेतो, त्यामुळे लसीकरणाआधी पिल्लाला रस्त्यावर चालवू नये, हे डॉक्टरांचे सांगणे योग्यच आहे. पण रस्त्यावर चालवू नये याचा अर्थ घरात कोंडून ठेवावे असा नव्हे. त्याला कडेवर घेऊन सोसायटीच्या फाटकाजवळ दहा मिनिटे उभे राहावे. रिक्षाचा भोंगा, हेल्मेट घातलेला माणूस, उघडणारी छत्री, भाजीवाल्याची आरोळी, शाळा सुटल्यावरचा गलका, सगळे त्याला तुमच्या उबेतून पाहू द्यावे आणि प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर तोंडात एक लहानसा खाऊ द्यावा. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर असतातच. ढोलताशांचे आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर आधी अगदी हळू लावून, पिल्लू खात-खेळत असतानाच, काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे वाढवत न्यावेत. पिल्लाने कान मागे घेतले, शेपूट आत घातली किंवा खाणे सोडले, तर आवाज जास्त झाला असे समजून मागे यावे. पुण्यासारख्या शहरात भाद्रपद आणि दिवाळी दरवर्षी येणारच आहेत. त्यांची तयारी आदल्या रात्री करता येत नाही.

याच काळात रोज एकदा त्याचे कान उघडून पाहावेत, पंजे हातात धरावेत, ओठ वर करून दात बघावेत आणि प्रत्येक वेळी काही तरी चविष्ट द्यावे. पुढे दवाखान्यातल्या टेबलावर तीन माणसांनी धरून ठेवावे लागणारे कुत्रे आणि शांतपणे पाय पुढे करणारे कुत्रे यांतला फरक बऱ्याच अंशी या पाच मिनिटांनी पडतो.

कोणता शब्द, कोणाच्या तोंडी

शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून शब्द ठरवावेत आणि ते कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत, ही सूचना हास्यास्पद वाटेल. पण माझ्या मते या लेखातली सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे. कुत्र्याला भाषा कळत नाही, त्याला आवाजाचा आकार कळतो. ‘बस’, ‘सिट’ आणि ‘बैठ’ हे त्याच्या दृष्टीने तीन निरनिराळे आवाज आहेत आणि तीन माणसांनी ते आळीपाळीने वापरले तर त्यांतला एकही पक्का होत नाही. कोणती भाषा निवडावी याला महत्त्व नाही. मराठीच निवडायची असेल तर मात्र एक गंमत ध्यानात घ्यावी लागते.

आमची ठकी ही शेजारच्या बांधकामावर जन्मलेली गावठी कुत्री. तिला आम्ही हौसेने ‘बस’ शिकवले आणि आठवड्याभरात ती ते उत्तम करू लागली. मग एका रविवारी जेवताना कोणी तरी आमटी वाढायला वाकले, वडील ‘बस, बस, बस’ म्हणाले, आणि टेबलाखालून ठकी लगबगीने पुढे येऊन समोर बसली आणि बक्षिसाची वाट पाहू लागली. बक्षीस अर्थातच आले नाही. असे रोज दोन्ही जेवणांना होऊ लागल्यावर पंधरा दिवसांत ‘बस’ या शब्दातला जीव निघून गेला. शेवटी आम्ही ‘बैस’ हा शब्द घेतला, जो आमच्या घरात एरवी कोणी उच्चारत नाही, आणि शिक्षण नव्याने सुरू केले. ‘ये’ या शब्दाचे असेच होते. फोनवर, दारात, स्वयंपाकघरात आपण तो दिवसभर वापरतो. म्हणून हाकेसाठी आम्ही ‘इकडे’ ठरवले. ज्याचा आवाज इतर शब्दांत मिसळत नाही आणि जो घाईत तोंडून सहज निघतो, तो शब्द चांगला. प्रत्येक शब्दाबरोबर हाताची एक ठरलेली खूणही असावी, कारण कुत्रे शब्दापेक्षा हालचाल लवकर ओळखते आणि म्हातारपणी ऐकू येईनासे झाले तरी खूण उपयोगी पडते.

पिल्लाचे नाव ही आज्ञा नव्हे. नावाचा अर्थ ‘माझ्याकडे बघ’ एवढाच ठेवावा. ‘ठकी! ठकी! ठकी!’ असे सहा वेळा रागाने ओरडल्यावर सातव्यांदा नाव घेण्यात काही अर्थ उरत नाही. आज्ञेचेही तसेच आहे. एकदा सांगावे आणि थांबावे. चार वेळा सांगितल्यावर बसणाऱ्या पिल्लाने ‘बैस बैस बैस बैस’ हीच आज्ञा आहे असे प्रामाणिकपणे शिकून घेतलेले असते.

पहिला धडा

पहिला धडा घरातल्या सर्वांत कंटाळवाण्या खोलीत घ्यावा. टीव्ही बंद असावा, मुले बाहेर असावीत आणि पिल्लाच्या पायाखाली सतरंजी किंवा चटई असावी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात आणि बसणे त्याला नकोसे होते. जेवणाआधीची वेळ उत्तम. खाऊचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, त्याहून मोठे नकोत: उकडलेले चिकन, अंडे, बिनमिठाचे पनीर किंवा त्याच्या रोजच्या खाण्यातलेच दाणे चालतात, आणि हे सगळे दिवसाच्या आहारातून वजा करावे. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, त्यामुळे मनुका घातलेला प्रसादाचा शिरा त्याला कौतुकाने भरवू नये. कांदा, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही वर्ज्य आहेत.

आता तुकडा दोन बोटांत धरून पिल्लाच्या नाकाजवळ न्यावा आणि तेथून सावकाश त्याच्या डोक्यावरून मागे सरकवावा. नाक वर जाते, तोल मागे येतो आणि बूड आपोआप जमिनीला टेकते. हात फार उंच नेला तर पिल्लू उडी मारते आणि फार मागे नेला तर ते मागे चालू लागते, म्हणून पहिल्या दोन-चार खेपांना अंदाज चुकेल. पाठीवर दाब देऊन बसवू नये; तसे केल्याने ते दाबाविरुद्ध उभे राहायला शिकते. बूड टेकले त्याच क्षणी ‘हां’ असा एक ठरलेला छोटा आवाज काढावा आणि तुकडा द्यावा. या ‘हां’ला फार महत्त्व आहे. खाऊ खिशातून काढून तोंडात जाईपर्यंत पिल्लू उठलेले असते, आणि मग आपण बसण्याचे बक्षीस देत आहोत असे आपल्याला वाटते तेव्हा ते प्रत्यक्षात उठण्याला मिळते. नेमका क्षण टिपणारा आवाज मध्ये घातला की हा घोटाळा टळतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली लिहिलेल्या एका लेखात कुत्र्याला शिकवण्यासाठी टिकटिक वाजणारे खेळणे सुचवले होते. आपल्याकडे जत्रेत मिळणारा पत्र्याचा बेडूक आठवा, म्हणजे कल्पना येईल. आज बाजारात मिळणारा क्लिकर त्याच जातीचा आहे. तो नसला तरी काही बिघडत नाही, मात्र आवाज दर वेळी तोच हवा.

शब्द अजून उच्चारलेला नाही, हे लक्षात आले असेल. हाताच्या खुणेवर पिल्लू दहापैकी आठ वेळा बसू लागले की मगच खूण करण्याच्या क्षणभर आधी ‘बैस’ म्हणायला लागावे. त्यानंतर हातातला तुकडा काढून टाकावा. खूण तीच, हात रिकामा, खाऊ दुसऱ्या हातातून. हा टप्पा गाळणाऱ्यांचीच कुत्री पुढे खाऊ दिसल्याशिवाय हलत नाहीत. एक धडा तीन ते पाच मिनिटांचा असावा, दिवसातून चार-पाच वेळा घ्यावा, आणि पिल्लाला अजून हवासा वाटत असतानाच थांबवावा. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. चिडून, चावरे होऊन उनाडणारे पिल्लू बहुतेक वेळा केवळ झोपेला आलेले असते आणि त्या वेळी त्याला शिकवणे म्हणजे रात्री अकराला मुलाचे पाढे घेण्यासारखे आहे.

‘थांब’ शिकवताना किती वेळ, किती अंतरावरून आणि किती गडबडीत या तीन गोष्टी एकाच दिवशी वाढवू नयेत. आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. तेवढे जमले की एक पाऊल मागे जावे आणि वेळ पुन्हा दोन सेकंदांवर आणावी. दाराबाहेर पडताना आणि जेवणाची थाळी खाली ठेवताना हा धडा रोज आपोआप घेता येतो.

हाक

सर्व आज्ञांपैकी एकच शिकवायची असेल तर ती हाकेची. ‘बैस’ न जमल्याने कुत्रे मरत नाही. हाकेला न आल्याने मरू शकते. आणि नेमकी हीच आज्ञा आपण सर्वांत जास्त बिघडवतो.

ठकी चार महिन्यांची असताना कुरिअर घ्यायला दार उघडले आणि ती पायांमधून निसटून तीन मजले उतरून थेट फाटकाबाहेर गेली. मी मागे धावत सुटलो. ती रस्त्याच्या कडेला उभी होती, मध्ये पंधरा-वीस पावलांचे अंतर असेल. मी हाक मारली. तिने वळून माझ्याकडे पाहिले, ओळखीची शेपूट हलवली, आणि मग शांतपणे पाठ फिरवून दुभाजकाच्या दिशेने चालू लागली. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून पुढचे सगळे घडले. त्या रात्री मी मागच्या दोन आठवड्यांचा हिशेब मांडला. मी तिला कधी कधी हाक मारली होती? नखे कापायला, आंघोळीला, कानात औषध घालायला, खेळातून उचलून आत न्यायला आणि चप्पल फाडल्याबद्दल रागवायला. माझ्याकडे येणे म्हणजे काही तरी वाईट होणे, हे तिने अचूक शिकले होते.

तेव्हापासून पाळलेले नियम सांगतो. हाक मारून आलेल्या कुत्र्याला कधीही रागवायचे नाही, ते अर्ध्या तासाने आले तरी आणि तोंडात आपला चष्मा घेऊन आले तरी. आंघोळ किंवा औषध असेल तर हाक न मारता आपण उठून त्याच्याकडे जायचे. ते येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक वाया घालवायची नाही. आणि आल्यावर मिळणारा खाऊ इतर कोणत्याही आज्ञेच्या खाऊपेक्षा वरच्या दर्जाचा असला पाहिजे. आमच्याकडे उकडलेल्या चिकनचे तुकडे फक्त ‘इकडे’साठी राखून ठेवले होते.

शिकवण्याची सुरुवात घरातल्या दोन माणसांनी समोरासमोर बसून करावी. एकाने आनंदी आवाजात शब्द उच्चारावा, पिल्लू येताच ‘हां’ म्हणून गळपट्ट्याला हळुवार हात लावावा आणि मग तुकडा द्यावा. त्यानंतर दुसऱ्याने बोलवावे. गळपट्ट्याला हात लावणे विसरू नये, नाही तर हाकेला येऊन हातभर अंतरावर नाचणारे आणि पकडू न देणारे कुत्रे तयार होते. पुढे खोल्या बदलाव्यात, मग जिना, मग गच्ची. लसीकरण पूर्ण झाल्यावर मैदानावर जाताना दहा मीटर लांब सुती दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, बांधावी आणि तिचे टोक आपल्याकडे ठेवावे. दोरीने ओढून आणायचे नाही. पिल्लू लांब पळून जाऊन स्वतःच मजा मिळवू शकणार नाही, एवढ्यासाठी ती आहे. पिल्लू निसटलेच तर त्याच्या मागे धावू नये, कारण त्याच्या लेखी तो पाठशिवणीचा खेळ सुरू होतो. उलट दिशेने, हाका मारत, स्वतः पळावे. माणूस पळताना दिसला की बहुतेक पिल्लांना राहवत नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर बरे झाले असते.

मैदानात हाक मारून आल्यावर दर वेळी पट्टा लावून घरी नेले तर हाक म्हणजे मजा संपल्याची घंटा ठरते. म्हणून दहापैकी नऊ वेळा तुकडा द्यावा आणि ‘जा’ म्हणून पुन्हा खेळायला सोडावे.

तोंडातली वस्तू आणि हातातला पट्टा

पिल्लू जग तोंडाने तपासते. त्याच्या तोंडातून वस्तू हिसकावून घेण्याची सवय लागली की ते दोनपैकी एक शिकते: लवकर गिळून टाकावे, किंवा जवळ येणाऱ्या हातावर गुरगुरावे. त्याऐवजी देवाणघेवाण करावी. खेळणे तोंडात असताना नाकाजवळ चांगला तुकडा धरावा, तोंड उघडताच ‘सोड’ म्हणावे, तुकडा द्यावा आणि खेळणे त्यालाच परत करावे. सोडलेली वस्तू बहुधा परत मिळते, हे कळल्यावर कुत्रे सोडण्यात कंजूषपणा करत नाही. रस्त्यावर पडलेल्या हाडांसाठी, आणि कधी कधी उंदरांसाठी टाकलेल्या विषासाठी, हा शब्द एक दिवस उपयोगी पडतो.

पट्ट्याची ओढ हा फिरायला जाण्यातला मोठा त्रास आहे आणि तो सोडवण्याचा मार्ग अत्यंत कंटाळवाणा आहे. पट्टा ताणला गेला की जागच्या जागी थांबायचे. पिल्लू वळून पाहील, पट्टा सैल पडेल, त्या क्षणी ‘हां’ म्हणून पुढे चालायचे. पहिल्या आठवड्यात फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायला वीस मिनिटे लागतील आणि वॉचमन हसेल. पण एका दिवशी थांबलो आणि दुसऱ्या दिवशी घाईत ओढू दिले, तर ओढण्याचा चिवटपणा अधिकच वाढतो. घाई असेल त्या दिवशी कडेवर घेऊन जावे. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. रस्त्यावरची कुत्री समोर आली तर पट्टा आखडून न धरता दुसऱ्या बाजूने लांबून वळसा घ्यावा. आखडलेल्या पट्ट्यातून आपली धास्ती त्याच्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचते.

दात, राग आणि शिक्षा

तिसऱ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात येतात आणि या काळात हिरड्या शिवशिवत असतात. चावायला काही तरी लागणारच. ओला फडका पिळून, गाठ मारून, फ्रीजरमध्ये गार करून द्यावा. हातावर दात लागले तर ‘आई गं’ म्हणून हात सोडवून उठावे आणि अर्धा मिनिट खेळ बंद करावा. हात झटकला तर पिल्लाला शिकार सापडल्यासारखे होते. मुलांना ओरडत पळू नका, झाडासारखे उभे राहा, असे आधीच सांगून ठेवावे. दाताने कातडी फुटली तर, पिल्लू घरचे असले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरात शी-शू झाली म्हणून नाक त्यात घासणे, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणे, मानेला धरून उलटे पाडणे, हे उपाय अजून कोणी ना कोणी सुचवतेच. मालक कोण आहे ते दाखवले पाहिजे, असे त्यामागचे तत्त्वज्ञान असते. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणात आहे. एकमेकांना अनोळखी लांडगे कोंडून ठेवल्यावर ते वर्चस्वासाठी भांडतात. मात्र रानातला कळप हा मुख्यतः आईबाप आणि पिल्ले यांचे कुटुंब असतो, हे डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्पष्ट केले. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुखावून शिकवणाऱ्या शाळांतील कुत्री बक्षीस देऊन शिकवणाऱ्या शाळांतील कुत्र्यांपेक्षा अधिक ताणाखाली आढळली. मला व्यवहारातला मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो: मार मिळालेले पिल्लू शू करणे थांबवत नाही, ते आपल्यासमोर करणे थांबवते आणि सोफ्यामागे जाऊन करते. त्यापेक्षा झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि अधूनमधून दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्यावे आणि तिथे झाले की तिथेच बक्षीस द्यावे. गुरगुरण्याबद्दलही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती बंद पाडली तर पुढच्या वेळी सूचनेवाचून दात लागतो.

सहा महिन्यांनंतर

सगळे छान जमले असे वाटू लागते आणि सात-आठ महिन्यांच्या सुमारास शिकवलेले सारे पुसले गेल्यासारखे होते. हाक ऐकू येते, कान वळतो, पण पाय हलत नाहीत. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ महिन्यांची कुत्री स्वतःच्या पालकाची ‘बस’ ही आज्ञा पाच महिन्यांची असतानापेक्षा कमी ऐकत होती, आणि परक्या माणसाचे मात्र त्यांनी तसे ऐकायचे सोडले नव्हते. ज्यांच्या घरात पंधरा वर्षांचे मूल आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. बरीच कुत्री याच वयात कोणाला तरी देऊन टाकली जातात, हे दुर्दैव आहे, कारण हा काळ सरतो. लांब दोरी पुन्हा बाहेर काढावी, धडे पुन्हा कंटाळवाण्या खोलीतून सुरू करावेत आणि खाऊचा दर्जा वाढवावा. पुढे आज्ञा पक्क्या झाल्यावर दर वेळी खाऊ देण्याची गरज राहत नाही. कधी तुकडा, कधी चेंडू, कधी नुसती पाठ खाजवणे, असे अनिश्चित ठेवले तर कुत्रे अधिक उत्सुकतेने काम करते.

हाकेच्या बाबतीत मात्र मी ही काटकसर केलेली नाही. ठकी आता सहा वर्षांची आहे. रोज सकाळी गच्चीवर ती कबुतरांच्या मागे लागलेली असताना मी काहीही काम नसताना एकदा ‘इकडे’ म्हणतो, ती पाण्याच्या टाकीला वळसा घालून येते, मी गळपट्ट्याला हात लावतो, चिकनचा तुकडा देतो आणि ‘जा’ म्हणतो.